कानाला चालेल, डोळ्याला नाही

हरिचंद्र केणे यांच्या मोबाईलवर कॅमेऱ्याच्या बाजूला कुंकवाचा एक डाग आहे. कितीही पुसला तरी जात नाही. नवख्या माणसाने विचारलं तर ते "जेवताना काहीतरी सांडलं" म्हणून वेळ मारून नेतात. पण हेंद्रेपाड्यात ही थाप चालत नाही, कारण तो डाग कसा लागला हे हेंद्रेपाड्याला तोंडपाठ आहे. तुम्हांला ठाऊक नाही, म्हणून सांगायला बसलोय.

झालं असं की बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि हरिचंद्रांची मुलगी जिज्ञासा कॉस्टिंगमध्ये राहिली. बाकी सगळे विषय निघाले, एक केटी लागली. आता केटीचं आपल्याकडे कुणाला काय वाटतं? बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात ज्या घरात केटी नाही त्या घरात बहुतेक कॉलेजात जाणारं पोरच नसतं. पण हरिचंद्रांची पंचाईत वेगळी होती. ते आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात, आणि तिथल्या अकाउंट्सच्या सुजित साहेबांना त्यांनी मे महिन्यातच छाती काढून सांगून टाकलं होतं की मुलगी बी.कॉम. झाली. पेपर दिले म्हणजे झालीच की, असा त्यांचा सरळ विचार. साहेब म्हणाले, "जानेवारीत आमच्याकडे एक जागा निघतेय, मार्कशीट देऊन पाठवा तिला." निकाल लागल्यावर साहेबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हरिचंद्र म्हणाले, "मार्कशीट युनिव्हर्सिटीत अडकलीय." यावर साहेबांनी लगेच विश्वास ठेवला, कारण ते कुणालाही पटण्यासारखं आहे.

जिज्ञासाला ही नोकरी मनापासून हवी होती. कारण दुसऱ्या बाजूला अंबरनाथची आत्या उभी होती. आत्याकडे एक स्थळ तयार होतं. मुलाचा रेती-खडीचा धंदा, दोन डंपर, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. "पोरगी पास नाय, नोकरी नाय, मग थांबायचं कनाला?" असं आत्या दर रविवारी येऊन विचारायची आणि चहा पिऊन जायची. म्हणजे ऑक्टोबरच्या परीक्षेत कॉस्टिंग सुटलं तर नोकरी, नाही सुटलं तर डंपर, असा हा मामला होता.

पोरगी का राहिली, याचं कारण शोधायला हरिचंद्रांना कुठे लांब जावं लागलं नाही. कारण तिच्या हातातच होतं. उठली की मोबाईल, जेवताना मोबाईल, गच्चीवर बोंबील राखायला बसवली तरी मोबाईल. शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. सोशल मीडियापायी कॉलेजची मुलं अभ्यासात कशी मागे पडतात, या विषयावर कुणा डॉक्टरांचा एक लांबलचक व्हिडिओ त्यांना ग्रुपवर आला होता. तो त्यांनी जिज्ञासाला पाठवला होता. परीक्षेच्या आठवड्यात तर रोज पाठवला, आणि "पाहिलास का?" म्हणून कंपनीतून फोनही केले. एवढं करूनही मुलगी राहत असेल तर बापाने करायचं तरी काय?

हरिचंद्रांच्या ग्रुपांबद्दल इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. बिल्डिंगचा ग्रुप, केणे परिवार, दहावीची बॅच, गावदेवी उत्सव, कंपनीतलं स्टोअर आणि आणखी एक, जो कशासाठी काढला होता ते कुणालाच आठवत नाही. या सगळ्यांचे ते ॲडमिन. त्यांचं सुप्रभात म्हणजे इकडून आलं, तिकडे ढकललं, असलं नव्हे. रोज नवं चित्र. उगवता सूर्य, कमळ, एक सुविचार आणि खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या शर्टात हात जोडून उभे हरिचंद्र. "केणे काकांचं सगळं स्वतःचं असतं," असं लोक म्हणत. ते चित्र जिज्ञासा बनवून द्यायची. तळमजल्यावरच्या कमलेशच्या वाढदिवसाचा बॅनर, मंडळाचं आरतीचं वेळापत्रक, पाण्याच्या टाकीची सूचना, कुणाच्या आजोबांची श्रद्धांजली, हेही तीच करायची. "आमची जिज्ञा करते की. दोन मिनिटांचं काम," असं हरिचंद्र सगळ्यांना सांगत, आणि कौतुक झालं की मान किंचित झुकवून ते स्वीकारत.

तर आता मोबाईल बंद करायचा होता. पहिला सल्ला कमलेशने दिला. हा कमलेश म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, चौकातल्या बॅनरवरचा कायमचा रहिवासी आणि गेली कित्येक वर्षं भावी नगरसेवक. तो म्हणाला, "काका, वायफाय काढून टाका. रोग मुळातच गेला पाहिजे." हरिचंद्रांनी तिथल्या तिथे वायर उपटली. अर्ध्या तासात जिना माणसांनी भरला. तेव्हा कळलं की त्यांच्या वायफायवर अख्खी 'बुधाजी स्मृती' बिल्डिंग जगत होती. तक्रार घेऊन सगळ्यांत पुढे कमलेश उभा होता. "काका, असं अचानक करतात का?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला. वायर पुन्हा लागली.

दुसरा सल्ला उल्हासनगरच्या वाधवानीचा. हरिचंद्र मोबाईलचं कव्हर, चार्जर, काय हवं ते वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानातून घेतात. वाधवानीने सगळं ऐकून घेतलं आणि काचेखालून एक बटणांचा फोन काढला. "साईं, बच्ची को ये डब्बा दे दो. ना नेट, ना टेंशन." मग जरा थांबून तो म्हणाला, "वैसे मेरा तो चालीहो चल रहा है. व्रत में इतना कुछ छोड़ दिया, कुछ नहीं लगा. भगवान के नाम पे आदमी सब छोड़ता है. बाप के नाम पे कोई नहीं छोड़ता." हरिचंद्रांनी डब्बा घेतला. वाक्य तेवढं डोक्यात मागे राहिलं.

डब्बा जिज्ञासाने न कुरकुरता घेतला. इतकंच म्हणाली, "पप्पा, केटीच्या नोटिसा ग्रुपवर येतात. त्या कशा कळणार?" त्यावर हरिचंद्र म्हणाले, "मी स्वतः जाऊन आणतो," आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉलेजात गेले. खिडकीत क्लार्क बसला होता.

"नोटीस बोर्ड कुठाय?"

"काढला. तिथे आता सेल्फी पॉइंट केलाय."

"मग केटीची नोटीस?"

"ग्रुपवर टाकली."

"मुलीकडे मोबाईल नाही."

क्लार्कने पहिल्यांदाच मान वर केली. "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.

"ठीक आहे. मला फॉर्म कागदावर हवाय."

"कागदावर हवा असेल तर तसा अर्ज करावा लागेल."

"देतो. कुठे द्यायचा?"

"पोर्टलवर."

हरिचंद्र तिथून निघाले, सेल्फी पॉइंटशी दोन मिनिटं उभे राहिले, तिथे एका मुलीने त्यांना "अंकल, जरा बाजूला" म्हटलं, आणि ते घरी आले. संध्याकाळी मोबाईल जिज्ञासाला परत मिळाला. डब्बा टीव्हीखाली जाऊन पडला.

माणसाचे उपाय संपले की आपल्याकडे गावदेवी असते. वाधवानीचं वाक्य आता वर आलं. देवीच्या नावावर सोडलं तर पोरगी मोबाईल सोडेल, असं हरिचंद्रांच्या मनाने घेतलं. मंगळवार बघून ते नारळ, ओटी, जिज्ञासा आणि आपली आई सगुणाबाई यांना घेऊन देवळात गेले. देवळात हेमचंद्र गुरव होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात देवीची सेवा आहे आणि नवसाचे सगळे नियम त्यांना पाठ आहेत. हरिचंद्रांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात मागणं घातलं, "आई, माझी जिज्ञा कॉस्टिंगमध्ये पास होऊ दे. ती पास होईपर्यंत मोबाईल सोडला."

"कोणी?" हेमचंद्रांनी विचारलं.

"जिज्ञाने."

हेमचंद्रांनी हातातला नारळ खाली ठेवला. "असं नसतं हरिचंद्र. मागतंय कोण? तू. मग सोडणार कोण?"

"पण मोबाईल तिचा—"

"आरं, मांगनार तू, आनि सोरनार पोरगी?" मागून सगुणाबाई बोलल्या. "तू मॅट्रिकला बसलास तवा मी कोलंबी सोरली व्हती. तुला बोलले का मी, का तू किरकेट सोर? तू पयल्या खेपेला नापास झायलास. मी नाय खाल्ली. दुसऱ्या खेपेला झायलास. नाय खाल्ली. तिसऱ्याला निघालास तवा खाल्ली. घरात कोलंबी शिजायची, तुमाला वारायची, आनि मी चटनीसंगती भाकर खायची."

देवळात आणखी चारपाच बायका होत्या. त्या सगळ्या हरिचंद्रांकडे बघत होत्या. हरिचंद्र तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाले ही गोष्ट जिज्ञासाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. तिने ओढणी तोंडाशी धरली आणि देवीकडे बघत उभी राहिली.

"आये, पण मला कामासाठी लागतो," हरिचंद्र हळू आवाजात म्हणाले.

सगुणाबाईंनी मुलाला बाजूला सारलं. त्या सरळ देवीशीच बोलल्या. "आई गावदेवी, माझा पोर हरिचंदर मोबाईल सोरतंय. नात पास होईपरयंत. फोन वाजला तं कानाला लावील. डोल्याला लावनार नाय." हेमचंद्रांनी नारळ फोडला. नारळ गोड निघाला. आता काही म्हणता काही होण्यासारखं नव्हतं.

घरी येताच सगुणाबाईंनी हरिचंद्रांचा मोबाईल बंद करून देव्हाऱ्यात, गणपतीच्या डाव्या अंगाला ठेवला, आणि त्याला कुंकू लावलं. सिमकार्ड टीव्हीखालच्या डब्ब्यात गेलं आणि डब्बा हरिचंद्रांच्या खिशात. जिज्ञासाचा मोबाईल जिज्ञासाकडेच राहिला, कारण तिने काही मागितलं नव्हतं. हरिचंद्रांना हे सगळं उलटंपालटं वाटत होतं. पण नेमकं कुठे उलटलं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

पुढचे महिने त्या माणसाने जे सोसलं त्याचं वर्णन करायला दुसरा कुणीतरी हवा. सकाळी उठल्यावर अंगठा आपोआप हलायचा. चहा घेताना हा अंगठा बशीच्या कडेवर वर-खाली फिरायचा आणि बायको म्हणायची, "अहो, बशी आहे ती." ग्रुपवरची सुप्रभातची गादी कमलेशने बळकावली. कुणी "केणे काका दिसत नाहीत हल्ली" असं विचारलंय का, हे त्यांनी चारचौघांत आडून आडून काढून बघितलं. कुणीच विचारलं नव्हतं. हे त्यांना फार लागलं. इतकी कमळं ज्यांच्या अंगावर उधळली त्यांना एवढंही वाटू नये?

कंपनीने एका शनिवारी मशीनच्या कामासाठी सुट्टी दिली. मेसेज ग्रुपवर होता. हरिचंद्र डबा घेऊन आनंदनगरला पोचले, बंद गेट बघितलं आणि वॉचमनबरोबर बसून डबा खाऊन परत आले. गणपतीत तर कहरच झाला. अंबरनाथला त्यांच्या चुलतभावाने नवीन फ्लॅट घेतला होता. पत्ता अर्थातच केणे परिवार ग्रुपवर. हरिचंद्र म्हणाले, गणपती बसलेलं घर लपतं होय? ते आवाजावरून बरोब्बर एका फ्लॅटमध्ये शिरले, सगळ्या आरत्या टाळ्या वाजवून म्हटल्या, मंत्रपुष्पांजलीत आवाज वरचा लावला, मोदक खाल्ले आणि "भाऊ कुठे दिसत नाही?" असं विचारल्यावर कळलं की ते भलत्याच घरात बसलेत. ती माणसं चांगली. त्यांना वाटलं होतं, हे सुनेच्या माहेरचे. त्यांनी आणखी दोन मोदक बांधून दिले.

एकदा मोह पडला, हेही सांगितलं पाहिजे. कमलेश जिन्यात उभा राहून मोबाईलवर हसत होता. स्कूटरच्या मागच्या सीटवर म्हैस बसवून कुणीतरी चाललंय, असा व्हिडिओ होता. हरिचंद्रांनी खांद्यावरून पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. वर घरात आले तर जिज्ञासा वहीवर डोकं टेकून रडत होती; गणित सुटत नव्हतं. हरिचंद्रांना म्हैस आठवली. ते चप्पल न काढताच मागे वळले, कोपऱ्यावरून नारळ घेतला आणि देवळात जाऊन हेमचंद्रांना म्हणाले, "डोळ्याला लागला. म्हैस होती." हेमचंद्रांनी काहीही न विचारता नारळ फोडला. यापुढे मात्र कमलेश जिन्यात दिसला की हरिचंद्र भिंतीकडे तोंड करून चढू लागले. कमलेशने त्याचा वेगळाच अर्थ घेतला आणि बरेच दिवस तो घुश्शात होता.

संध्याकाळी करायला काही उरलं नाही, म्हणून हरिचंद्र जिज्ञासाच्या समोर जाऊन बसू लागले. वरवर पेपर वाचायचे, खरा हेतू पहारा. पोरगी मोबाईलमध्ये बघून काहीतरी लिहिते, पुन्हा बघते.

"रील?"

"पप्पा, प्रोसेस कॉस्टिंगचे लेक्चर आहेत. आमच्या केटीवाल्या चौघींचा ग्रुप आहे. जिला समजतं ती बाकीच्यांना सांगते."

"काय असतं ते?"

"माल एका प्रोसेसमधून दुसरीत जाताना थोडा कमी होतो ना, तो नॉर्मल लॉस."

"आमच्याकडे माल कमी झाला तर त्याला चोरी म्हणतात," हरिचंद्र म्हणाले, आणि यावर बराच वेळ बोलत राहिले. जिज्ञासाने ते सगळं ऐकून घेतलं, मग पान उलटलं. तिला परीक्षेत याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पण बापाशी कुठल्याही एका गोष्टीवर एवढं लांबलचक बोलणं तिचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. स्वयंपाकघरातून सगुणाबाई ऐकत होत्या. हरिचंद्र मधूनच त्यांच्याकडेही जाऊन बसत आणि त्या खाडीकाठच्या मिठागरांच्या जुन्या गोष्टी सांगत, ज्या हरिचंद्रांनी लहानपणी ऐकल्या होत्या आणि मधल्या काळात त्यांच्या डोक्यातून साफ गेल्या होत्या.

नवरात्राच्या सुमारास हरिचंद्रांच्या एक गोष्ट लक्षात आली. जिज्ञासाचा मोबाईल टेबलावर पडलेला असे, पण पूर्वीसारखा सारखा टुणटुण करत नसे.

"तुझा फोन हल्ली वाजत का नाही गं? बिघडलाय?"

जिज्ञासा लिहिता लिहिता म्हणाली, "तुमचा देव्हाऱ्यात आहे ना."

"म्हणजे?"

तिने पेन खाली ठेवलं. चिडली नव्हती, उलट जरा संकोचली होती. "पप्पा, रोज तुमचं सुप्रभात. मग 'सूर्य मोठा कर', 'माझा फोटो उजवीकडे घे'. मग त्याचा स्टेटस. दुपारी कमलेशदादाचा बॅनर, कारण तुम्ही त्याला हो म्हटलेलं. मग मंडळाचं. मग कुणाचं तरी पोस्टर, फोटोत डोळे मिटलेत म्हणून परत. कंपनीतून तुमचे फोन, व्हिडिओ पाहिलास का. कॉस्टिंगच्या आदल्या दिवशी मी पाणीपुरवठ्याची सूचना करत होते, आठवतं? ते तीनदा बदलायला लावलंत." मग ती म्हणाली, "रील मी पण बघते, नाही असं नाही. पण जेवढा मोबाईल तुम्हांला माझ्या हातात दिसायचा ना, त्यातला अर्ध्याहून जास्त तुमचाच होता."

हरिचंद्र पेपरमागे गेले. पेपर उलटा होता हे त्यांच्या बायकोने सांगितलं, पण तो सरळ करण्याचं त्यांना सुचलं नाही. मग पेपरमागून आवाज आला, "मग आता कमलेशचे बॅनर कोण करतं?"

"माहीत नाही. मी सांगितलं सगळ्यांना, आमच्या घरात नवस आहे, देवीने बॅनर बंद ठेवलेत. कोणी काही बोललं नाही."

नवसात बॅनरचा उल्लेख नव्हता, हे हरिचंद्रांना चांगलं माहीत होतं. त्यांनी काही दुरुस्ती केली नाही.

परीक्षेच्या दिवशी हरिचंद्रांनी सकाळीच स्कूटर काढली आणि नेहमीच्या कॉलेजकडे वळवली. मागून जिज्ञासा म्हणाली, "पप्पा, सेंटर बदललंय. काल ग्रुपवर आलं. विठ्ठलवाडीच्या बाजूला." हरिचंद्रांनी ब्रेक दाबला. त्यांच्या मनासारखं झालं असतं तर पोरगी आज खिशात डब्बा घेऊन सेल्फी पॉइंटपाशी उभी असती. मग मागे बसून ती मोबाईलमधला नकाशा बघत सांगत राहिली, "डावीकडे. आता सरळ. पप्पा, ट्रकच्या मागे नको," आणि हरिचंद्र फक्त कानाने ऐकत चालवत राहिले. गेटवर सोडलं तेव्हा त्यांना काहीतरी मोठं, बापाला शोभेल असं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते "नॉर्मल लॉस नीट लिही" एवढंच. ती हसली आणि आत गेली.

निकाल डिसेंबरात लागला. तो अर्थातच मोबाईलवर लागला, त्यामुळे हेंद्रेपाड्यात ज्याला ज्याला डोळे होते त्या सगळ्यांना कळला. कळला नाही तो फक्त हरिचंद्रांना, कारण आनंदनगरला स्टोअरमध्ये डब्ब्याला रेंज नव्हती. संध्याकाळी ते चौकात आले आणि स्कूटर तिथेच बंद पडली, म्हणजे त्यांच्याच हातून पडली. चौकात नवाकोरा बॅनर होता. वर कमलेश. मधोमध, पांढऱ्या शर्टात हात जोडलेले, दारासारखे मोठे हरिचंद्र. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी जिज्ञासा. आणि लाल ठळक अक्षरांत, 'कु. जिज्ञासा हरिचंद्र केणे हिची कॉस्टिंगची केटी सुटल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

पहिल्यांदा त्यांनी फक्त 'सुटल्याबद्दल' वाचलं आणि डोळे भरून आले. रस्त्याच्या कडेला स्कूटर धरून ते तसेच उभे राहिले. भाजीवाली त्यांना पाणी देऊ लागली. मग त्यांनी अख्खं वाचलं. केटी. मे महिन्यात बी.कॉम. झालेल्या, मार्कशीट युनिव्हर्सिटीत अडकलेल्या मुलीची केटी, चौकात, दोन हॅलोजनच्या उजेडात. आणि सुजित साहेब रोज याच चौकातून घरी जातात.

"काका, कसा वाटला?" कमलेश कुठूनतरी उगवला. त्याचा घुस्सा गेला होता. "जिज्ञासा करत नाही म्हणून बाहेरून करून घेतला. फोटो तुमचा माझ्याकडे होताच."

हरिचंद्रांनी त्याला मिठी मारावी की ढकलावं हे ठरेना. शेवटी मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. हरिचंद्र दारातच उभे राहिले. "केणे, काल मी तुमचा बॅनर पाहिला," साहेब म्हणाले. "फोटो चांगला आलाय तुमचा."

"साहेब, ते मे महिन्यात मी..."

"मलाही केटी होती. कॉस्टिंगचीच. सुटली तेव्हा आमच्याकडे बॅनर काय, कुणी पेढासुद्धा आणला नव्हता." साहेबांनी समोरचा कागद उलटा केला. "जानेवारीत तिला येऊ दे. मार्कशीट अडकली नसेल तर घेऊन."

त्याच रविवारी नवस फेडला. ओटी झाली, नारळ झाला, आणि घरी येऊन हेमचंद्रांनी स्वतःच्या हाताने मोबाईल देव्हाऱ्यातून काढून हरिचंद्रांच्या हातात दिला. रोजच्या रोज कुंकू लागून लागून त्याला आता थोडंफार देवपण आलं होतं. तो सुरू केला आणि टुणटुण जी लागली ती थांबेना. चार-पाच महिन्यांचा सगळा तुंबलेला माल एकदम आत येत होता. हरिचंद्रांचा चेहरा उजळला. जेवायला पानं मांडली होती, अंबरनाथची आत्या हिरमुसली होऊन एका कडेला बसली होती, आणि हरिचंद्र अंगठा फिरवत फिरवत म्हणाले, "जिज्ञा, उद्यासाठी एक मस्त कमळ..."

जिज्ञासा कालवण वाढत होती. तिचा हात थांबला. ती पप्पांकडे बघत राहिली.

तेवढ्यात सगुणाबाई म्हणाल्या, "मना पन वार गं. आता चालते."

पातेल्यात कोलंबीचं कालवण होतं. हरिचंद्रांच्या बायकोने सासूला विचारलं, "आत्याबाई, तुमचं तर दाताला लागतं ना? तुम्हीच म्हणायचात, कोलंबी नको, दात दुखतो."

"दात बरा झायला," सगुणाबाई म्हणाल्या आणि भाकरी मोडू लागल्या.

हरिचंद्रांच्या लक्षात यायला वेळ लागला. श्रावणात तर कुणीच खात नव्हतं, गणपतीतही नाही, पण त्यानंतर? दसऱ्यानंतर घरात किती वेळा शिजली होती. रोज आईच्या समोर बसून ते जेवत होते, हातात मोबाईल नव्हता, डोळे मोकळे होते, आणि तरीही त्यांनी आईच्या ताटात काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. नवस एकट्या त्यांचाच होता, असं त्यांना आजवर वाटत होतं.

मोबाईल अजून टुणटुणत होता. हरिचंद्रांनी तो पालथा घालून पाटाखाली सरकवला आणि आपल्या पानातल्या मोठ्या मोठ्या कोलंब्या वेचून आईच्या ताटात वाढल्या. "आरं, पुरं," असं सगुणाबाई म्हणाल्या, पण ताट काही मागे ओढलं नाही.

दुसऱ्या दिवशी केणे काकांचं सुप्रभात पुन्हा सुरू झालं. त्यात सूर्य नव्हता, कमळ नव्हतं, पांढऱ्या शर्टातले हात नव्हते. स्वतःच्या अंगठ्याने टाइप केलेला एकच शब्द होता, 'सुप्रभात', आणि तोही आला तोवर अकरा वाजत आले होते. खाली लगेच कमलेशचा मेसेज आला, "काका, तब्येत बरी आहे ना?"